सिद्ध न झालेली मुलगी

एकदा एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तर्कशास्त्र शिकवणाऱ्या एका वृद्ध आचार्यांच्या पाठशाळेत आली. तिथे नव्या मुलांना तीन प्रश्न विचारीत आणि पाटीवर दोन रकाने आखीत: 'समज आहे' आणि 'समज नाही'. दुसऱ्या रकान्यातले मूल परत जाई. ज्याने पाठशाळा बांधून दिली, त्या व्यापाऱ्याचा तसा नियमच होता.

आचार्यांच्या ज्येष्ठ शिष्याने प्रश्न विचारले. मुलगी तिन्ही वेळा पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

"घरी खूप बोलते हो," आई म्हणाली. "म्हणजे, मला तरी तसं वाटतं. आईला काय, काहीही वाटतं."

"बाई, समज असते किंवा नसते," शिष्य म्हणाला. "आहे असं दिसलं नाही, म्हणजे नाही." त्याने मुलीचे नाव दुसऱ्या रकान्यात लिहिले.

आचार्यांनी खडू मागून घेतला आणि मुलीच्या नावाखाली शिष्याचे नाव लिहिले.

शिष्य गोरामोरा झाला. "माझं काय चुकलं, गुरुजी?"

"संख्यांविषयीचं ते विधान तू चार वर्षं सिद्ध करतो आहेस. झालं का?"

"अजून नाही."

"मग ते खोटं ठरलं?"

"कसं ठरेल? ते खोटं असल्याचाही पुरावा कुठं मिळालाय?"

"आणि हिला समज नसल्याचा पुरावा तुला कुठं मिळाला? 'आहे' सिद्ध झालं नाही, एवढ्याने 'नाही' सिद्ध होत नसतं. स्वतःच्या विधानाला चार वर्षं दिलीस, हिला चार घटकाही नाहीत."

पाठशाळा पाहायला आलेला तो व्यापारी मध्येच म्हणाला, "पण आचार्य, दोहोंपैकी एक तर खरं असणारच ना?"

"कोणतं ते दाखवा. दाखवता येत नसेल, तर त्याच्या जोरावर कुणाला दाराबाहेर काढू नका."

"रकाने दोनच आहेत. नियम माझा आहे, इमारतही माझी आहे."

"मग इमारत तुम्ही ठेवा. आम्ही नदीकाठी बसू. ही मुलगी आमच्याबरोबर येईल."

व्यापाऱ्याने पाटीवरची दोन्ही नावे पुसून टाकली. शिष्याने हळूच विचारले, "आणि कधीच सिद्ध झालं नाही, तर?"

"तर कधीच काढायचं नाही."

शिष्याने सरकून आपल्या बैठकीवर मुलीला जागा करून दिली. आईने मान खाली घातली. इथे येताना वाटेतच तिने स्वतःही 'हिला समज नाही' हे निम्मे मान्य करून टाकले होते.

आपल्या मुलाविषयी कुणी 'नाही' म्हटलं, तर शांतपणे विचारावं, आणि आधी स्वतःला विचारावं: हे सिद्ध झालंय, की फक्त वाट पाहायचा कंटाळा आलाय?