कहाणी हुंकाराच्या नेमाची

बायांनो, तांदूळ घेतलेत ना हातात? मूठ फार आवळू नका, घाम येतो. ज्या श्रावणात आमच्या धाकट्या जाऊबाईंचा पाळणा रिकामा झाला, त्या श्रावणात मी जिवतीपुढं बसून एक नेम धरला होता. त्याला ना उपास, ना सोवळं, ना उद्यापनाची भांडी. पण पाळताना जीव मेटाकुटीला येतो. माहेरच्या आत्याबाई एक कहाणी सांगायच्या, तिच्यातून तो मला सुचला. तीच आज सांगते. हिच्यात गेलेलं लेकरू परत येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे शेवटाला माझ्यावर रुसू नका.

ऐक जिवतीबाई, तुझी कहाणी. आणि या खेपेला तूही नीट ऐक.

नदीच्या कुशीत एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं सोमा नावाचा एक साळी होता. त्याची बायको येसू. दोघांना एकच लेक, तिचं नाव ठकू. ठकूचे दुधाचे दात पडत होते. पडलेला दात ती तुळशीत पुरायची, आणि रोज उकरून बघायची, उगवला का म्हणून. सोमा मागावर बसून हसायचा. म्हणायचा, "उगवला की सांग गं, दातांचंच लुगडं विणू तुझ्या आईला."

येसू मोठी व्रताची. श्रावण आला की भिंतीवर गंधानं जिवती काढावी. शुक्रवारी तिला आघाड्याची नि दूर्वांची माळ घालावी. पुरणाच्या दिव्यांनी लेकीला ओवाळावं. मग शेजारणींना बोलवावं, त्यांच्या हातावर तांदूळ द्यावेत आणि कहाणी सांगावी. सासू जाताना तिला बजावून गेली होती, "येसू, कहाणी सुरू झाली की सांगणारीनं उठू नये, ऐकणारीनं उठू नये. मध्येच मोडलेली कहाणी लेकराला बाधते."

एका श्रावणात काय झालं? ठकूला ताप आला. वैद्यानं पुडी दिली, ताप उतरेना. शुक्रवार उजाडला. सोमा कापडाचं गाठोडं घेऊन बाजाराला गेलेला. येसूनं मनात आणलं, आज तर जिवतीला चुकायचं नाही, आज तिचीच गरज. मग तिनं पूजा केली. शेजारणी आल्या. तांदूळ वाटले. कहाणी सुरू झाली.

आतून ठकूची हाक आली, "आई, पाणी." येसूनं ऐकलं. मनात म्हणाली, थांब हं बाळ, मोडली तर तुलाच बाधेल.

पुन्हा हाक आली, "आई, पाणी." येसू भराभर सांगू लागली.

तिसऱ्यांदा हाक आली नाही. रिकामं भांडं जमिनीवर घरंगळल्याचा आवाज आला.

येसूनं कहाणी पुरी केली. शेजारणींनी तांदूळ जिवतीला वाहिले. मग ती तांब्या घेऊन आत धावली. पाणी लेकीच्या ओठावरून ओघळून उशीवर गेलं.

संध्याकाळी सोमा आला. पोर मांडीवर घेऊन बसला. मग त्यानं विचारलं, "शेवटी काही म्हणाली का गं?"

येसू म्हणाली, "नाही. काही नाही म्हणाली."

त्या शब्दापासून येसूला अन्न खाली जाईना, पाण्याचा घोट उतरेना. पाणी तोंडाशी नेलं की हाक ऐकू यायची. येसू वाळत चालली. सोमा म्हणायचा, "दोन घास खा गं. तूही गेलीस तर मी कुणासाठी विणू?" ती मान हलवायची. मनात म्हणायची, यांना सांगितलं तर हे माझं तोंड पाहणार नाहीत, आणि नाही सांगितलं तर मी जगणार नाही. कुणा शहाण्याला तरी विचारावं.

मग येसू देवळात गेली. पुराणिकबुवा पोथी बांधत होते. येसू म्हणाली, "बुवा, मला एक सांगायचंय. त्या शुक्रवारी मी कहाणी सांगत बसले होते, आणि—"

बुवा म्हणाले, "ठाऊक आहे, बाई, गावाला ठाऊक आहे. तिचं संचित तेवढंच होतं."

"तिचं संचित काय असणार, बुवा? एक चिंध्यांची बाहुली, आणि तुळशीत पुरलेले दात."

"या जन्मीचं नव्हे गं. मागच्या जन्मीचं."

"मागचं तिला आठवतच नव्हतं. मी तिला धपाटा घालायची, तर कशाबद्दल ते सांगून घालायची. देव तेवढंही सांगत नाही?"

"देवाला सगळं दिसतं. त्याच्या न्यायाला आपण बोट लावू नये."

"दिसतं, तर ऐकूही येत असेल. हाक ऐकू आली आणि तो जागचा उठला नाही, तर बुवा, तो आणि मी—"

बुवांनी कानांवर हात ठेवले. "जीभ आवर. घरी जा, शांती करून घे." कहाणी तिथंच मोडली. येसू घरी आली.

मग ती नदीवर गेली. पिंपळाखाली एक गोसावी उतरला होता. येसू म्हणाली, "महाराज, त्या शुक्रवारी मी कहाणी सांगत बसले होते, आणि—"

गोसावी हसला. "कुणाची कहाणी आणि कोण सांगणार? कुणाची मुलगी, कुणाची आई? सगळी माया. पाण्यावरचा बुडबुडा."

येसू म्हणाली, "ही झोळी कुणाची, महाराज?"

"माझ्या गुरूची."

"कुत्र्यानं ओढून नेली तर?"

"टाळकं सडकीन त्याचं."

"म्हणजे झोळी तेवढी खरी, आणि माझं लेकरू बुडबुडा."

गोसाव्यानं डोळे मिटून घेतले. कहाणी तिथंच मोडली. येसू घरी आली.

मग ती वैद्याकडे गेली. वैद्य भला माणूस. त्यानं बसायला पाट दिला. येसू म्हणाली, "वैद्यबुवा, त्या शुक्रवारी मी कहाणी सांगत बसले होते, आणि—"

वैद्य म्हणाला, "मुली, मनाला लावून घेऊ नको. ताप डोक्यात चढला होता. तुझी भिंतीवरची जिवती नि माझी पुडी, दोन्ही सारख्याच निकामी ठरल्या. वर कुणी बसलेला नाही. कुणी शिक्षा केली नाही, कुणाचा दोष नाही."

"मग मी रागवू कुणावर?"

"कुणावरच नको."

"आणि क्षमा कुणाची मागू?"

"क्षमा? ती कशाबद्दल?"

येसू म्हणाली, "तेच सांगत होते," आणि तिनं तोंड उघडलं. तोवर दाराशी कुणाला तरी डोलीतून आणलं, वैद्य उठून गेला. कहाणी तिथंच मोडली. येसू घरी आली.

आल्यावर तिनं शेण कालवलं, आणि जिवतीची भिंत सारवून टाकली. म्हणाली, "तूही तशीच, मीही तशीच. दोघींनी ऐकलं, दोघी बसून राहिलो." त्या दिवसापासून ती देवाशी बोलली नाही, नवऱ्याशीही बोलेना. माग वाजत राहिला. पुढं पुढं तोही थांबून थांबून वाजू लागला.

वरीस फिरलं. श्रावण आला. घरोघर पुरण शिजू लागलं. येसूच्या घरी चूल थंड. भर दुपारी एक म्हातारी काठी टेकत आली, पायरीवर बसली. म्हणाली, "बाई, आज शुक्रवार. कहाणी ऐकल्याशिवाय मी पाणी घेत नाही, आणि मला कुणी सांगेना."

येसू म्हणाली, "पुढच्या घरी जा, आजी. तिथं जिवती आहे. इथं नुसती भिंत आहे."

"फिरून आले ना. एकीचं पुरण खाली लागत होतं. एकीची पाठ नव्हती. एकीनं अशी आटपली, की मी तांदूळ घेईतो कहाणीतली लेकरं मोठी होऊन त्यांची लग्नंही झाली. तुला येते का?"

"देवाची आता येत नाही. एकच येते, ती कुणी पुरी ऐकत नाही."

"मग तीच सांग. मला कुठं घाई आहे? तांदूळ दे हातावर."

"ऐकून काय सांगशील? संचित? माया?"

म्हातारी म्हणाली, "मला दात नाहीत, बाई. एवढाले शब्द माझ्या तोंडात ठरत नाहीत. मी हूं म्हणेन."

मग येसूनं तांदूळ आणले. एक मूठ म्हातारीला दिली, एक आपण धरली. ठकूच्या दातांचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, हूं. तापाचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, हूं. शेजारणी बसल्या, कहाणी सुरू झाली, आतून पहिली हाक आली, इथवर येसू आली. एवढ्यात अंगणातून कुणी म्हणालं, "बाई, पाणी देता का घोटभर?" मोळीवाली होती. डोईवर मोळी, कडेवर तान्हं, उन्हानं दोघांचे चेहरे काळवंडलेले.

येसूचं अंग ताठ झालं. ती म्हणाली, "आजी, कहाणी मोडेल."

म्हातारी म्हणाली, "ऊठ. मी इथंच आहे."

येसू उठली. तांब्या भरला. मोळीवाली पाणी प्यायली, तिनं बोट बुडवून तान्ह्याचे ओठ ओले केले, आणि ती वाटेला लागली. येसू परत आली. म्हातारीची मूठ तशीच मिटलेली होती. म्हातारी म्हणाली, "कुठवर आलो होतो आपण?"

"तिनं पहिल्यांदा हाक मारली, तिथवर."

"हूं."

मग येसूनं दुसरी हाक सांगितली. भांड्याचा आवाज सांगितला. उशीवर ओघळलेलं पाणी सांगितलं. नवऱ्याशी खोटं बोलली तेही सांगितलं. म्हातारीनं मध्ये एक अक्षर घातलं नाही.

येसूनं विचारलं, "आजी, माझं चुकलं का?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चुकलं, लेकी."

"मी तिच्यासाठीच बसून राहिले होते."

"हूं. तेही खरं."

"उठले असते तर वाचली असती का?"

"ते मला ठाऊक नाही. पाणी प्यायली असती."

आजवर येसूशी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. ती जोत्यावर कोसळून रडली. वर्षभरात पहिल्यांदा रडली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवीत बसली. मूठ मात्र तिनं उघडली नाही.

मग येसूनं डोळे पुसले, म्हणाली, "देव आहे का, आजी?"

म्हातारी म्हणाली, "हूं." ती हो म्हणाली, की नुसतं ऐकलं म्हणाली, ते येसूला उमगलं नाही.

"तू जिवती असशील, तर माझं लेकरू मला दे."

"गेलेलं लेकरू मला आणता येत नाही."

"मग तू कसली जिवती?"

"मी कधी म्हटलं मी जिवती? मी तहानलेली बाई आहे. कहाणी झाली, आता पाणी दे."

येसूनं तांब्या दिला. म्हातारी पाणी प्यायली. उरलेलं येसूपुढं केलं. येसूनं तोंडाला लावलं. हाक ऐकू आली. ऐकत ऐकत ती एक घोट प्यायली.

म्हातारी उठली. म्हणाली, "ज्यांची लेकरं आज घरी नसतात, त्या आया काय करतात गं?"

"चारी दिशांना अक्षता टाकतात. लेकरू असेल तिथं त्याच्या डोक्यावर पडाव्यात म्हणून."

"मग?"

"माझी ठकू कुठल्या दिशेला आहे, ते मला ठाऊक नाही."

"म्हणून तर चारी दिशांना टाकतात, वेडे." म्हातारीनं आपल्या मुठीतले तांदूळ येसूच्या ओंजळीत ओतले. "पण लगेच टाकू नको. घरात आणखी एकाची कहाणी अर्धी राहिलीय."

एवढं बोलून ती वाटेला लागली. ती जिवतीच होती, असं कुणी कुणी सांगतात. मी आत्याबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "असेल. नसेल. ऐकलं ना तिनं?"

दिवेलागणीला सोमा आला. येसूनं त्याला पाटावर बसवलं, हातावर तांदूळ दिले, म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलले. ती पाणी मागत होती. मी उठले नाही." मग तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सोमाच्या मुठीतून तांदूळ गळाले. तो उठून दारापर्यंत गेला. येसूला वाटलं, गेला, आता हा येत नाही. तो उंबऱ्याशी उभा राहिला. मग परत फिरला, खाली बसला, आणि सांडलेले तांदूळ एकेक करून वेचले. मूठ पुन्हा मिटली. म्हणाला, "हूं. पुढं सांग."

ती सांगून संपली, तेव्हा दोघं अंगणात गेली. त्यांनी पूर्वेला अक्षता टाकल्या, पश्चिमेला टाकल्या, दक्षिणेला टाकल्या, उत्तरेला टाकल्या. काही दाणे तुळशीत पडले. ते कुणी उकरून पाहिले नाहीत.

येसूला पुढं दुसरं लेकरू झालं का? कहाणीत नाही. तिनं भिंतीवर पुन्हा जिवती काढली का? तेही नाही. ती रोज पाणी पिऊ लागली, एवढं आहे.

तर बायांनो, नेम असा. ज्या घरी लेकरू गेलं, त्या घरी जावं. जवळ बसावं. शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवावं. संचित म्हणू नये, माया म्हणू नये, देवाची मर्जी म्हणू नये. ती सांगेल ते शेवटापर्यंत ऐकावं, आणि हूं म्हणावं. तिनं खरं विचारलं, तर खरं सांगावं, आणि सांगून उठून जाऊ नये. मध्येच कुणी पाणी मागितलं, तर कहाणी थांबवून उठावं. थांबलेली कहाणी मोडत नाही. मी जाऊबाईंपाशी सबंध श्रावण अशी बसले. आता आपल्या आळीच्या टोकाला, त्या लोहाराच्या घरी, एक दार पंचमीपासून लोटलेलं आहे. मला गुडघ्यांमुळे रोज जाववत नाही. तुमच्यातल्या कुणी आज जाल का? हातातले हे तांदूळ तसेच घेऊन जा.

येसूची कहाणी जशी कुणीतरी पुरी ऐकली, तशी तुमची आमची ऐकायला कुणी मिळो. ही साठां उत्तरांची कहाणी, एका हुंकारी सुफळ संपूर्ण.