फोटोची पाठ

"पण खरा रंग लावला, तर त्यात माझं चुकलं काय, मास्तर?"

भूपालने लॅपटॉप बाबालाल मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. मास्तरांनी आयुष्यभर काळ्यापांढऱ्या फोटोंना ब्रशने रंग दिले होते आणि भूपाल त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता. जगातला कुठलाही रंग आपण बदलू शकतो, अशी हवा जरा डोक्यात गेली होती.

हकिगत अशी. रोहिणीताई आपल्या आईचा एकुलता एक फोटो दुरुस्तीला घेऊन आल्या. आई बाळंतपणातच गेलेली, त्यामुळे आई म्हणजे हा फोटो, हिरव्या साडीतला. चाळीस वर्षांपूर्वी तो मास्तरांनीच रंगवला होता. सोबतची म्हातारी मावशी सहज बोलून गेली, की ही साडी खरं तर जांभळी होती.

झालं. भूपालला तेवढं पुरलं. त्याने फोटो स्कॅन केला, वर एक नवा लेयर चढवला आणि साडी जांभळी करून टाकली. हिरवा रंग रंगवणाऱ्याच्या मनचा होता, हेही ताईंना ऐटीत सांगितलं.

ताई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मी आजवर बघत आले, ती माझी आई नव्हेच..."

फोटो तिथेच टाकून त्या निघून गेल्या. त्याला आठ दिवस झाले. तेव्हापासून भूपालला अन्न गोड लागत नव्हतं.

"तुमचा हिरवा कुठं गेला नाही," तो म्हणाला. "हा लेयर बंद केला की खाली आहे तसाच आहे. बघा."

त्याने लेयर बंद केला. साडी पुन्हा हिरवी झाली.

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

"मूळ फोटो आणलायस?"

भूपालने पिशवीतून काढून दिला.

"पाठ बघितलीस?"

"नाही."

रंगाला हात लावण्याआधी फोटो उलटायचा, हा मास्तरांकडचा पहिला धडा. घरच्यांनी सांगितलेले रंग ते पेन्सिलने मागेच लिहून ठेवत. आणि स्कॅनरवर तर फोटो पालथाच ठेवतात. म्हणजे पाठ भूपालच्या डोळ्यांसमोर होती, तरी त्याने वाचली नव्हती.

मास्तरांनी फोटो उलटून त्याच्या हातात दिला. अक्षरं पुसट झाली होती, पण लागत होती.

साडी जांभळी. हिरवी नेसवणे.

"रोहिणीचा बाप आला होता," मास्तर म्हणाले. "तान्ही पोर खांद्यावर. म्हणाला, डोहाळजेवणाला हिरवी साडी घेणार होतो, राहून गेलं. तेवढी तुम्ही नेसवा..."

भूपालला स्वतःची लाज वाटली. रोहिणीताईंचे वडीलही आता नव्हते आणि मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने लॅपटॉप मिटला.

ताईंना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील, अशी त्याने मास्तरांना गळ घातली.

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"तू जा. सांग तिला... साडी तुझ्या बापानं दिली, मास्तरनं नेसवली. आणि फेडली कुणी, तेही सांग."