हैबतीच्या कोंबड्यांचे पहारेकरी

एका गावात एक भोळा कोंबडीवाला होता, हैबती. अंगाने दांडगा, मनाने लोणी. सांगितलं तेवढं करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. ब्रॉयलरची मागची सगळी पिल्लं हगवणीने गेली, तेव्हा बायकोने, कौसाबाईने, बजावलं होतं, "या खेपेला पिल्लं गेली तर शेडला कुलूप. मग बसा माझ्या भावाची म्हसरं राखत!"

आणि या पिल्लांनाही हगवण लागली. हैबती धावत गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी पुडी दिली. "या रोगाशी झुंजलेल्या कोंबड्यांच्या अंड्यातल्या बलकाची ही पूड. हिच्यात अँटीबॉडी असतात. पिल्लांच्या पोटात तयार पहारेकरीच बसवतोय समज. थंड जागी ठेव."

गावात सगळ्यात थंड काय? विहिरीचा तळ. हैबतीने पुडी दोरीला बांधून आत सोडली. वर आला तो नुसता ओला कागद.

"अहो, बर्फात ठेवायची!" कौसाबाई ओरडली.

"बरं. आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने गावठी पिल्लांची पेटी धाडली. हैबतीने ती थेट बर्फावर ठेवली. पिल्लं कुडकुडत एकमेकांच्या डोक्यावर चढली. कौसाबाईने त्यांना पदरात घेतलं. "अहो, बल्बखाली ठेवायची, ऊब लागते!"

"बरं. आता चुकायचं नाही."

मग दुसरी पुडी आली. हैबतीने बल्बखाली ठेवली. पुडीचा पार पापड झाला.

"अहो, आणल्या आणल्या पाण्यात कालवून पिल्लांना पाजायची!"

"बरं. आता चुकायचं नाही."

चार दिवसांनी मेहुणाच पाहुणा आला. कौसाबाईने चहा-साखर आणायला पिटाळलं. हैबतीने ती आणल्या आणल्या पाण्यात कालवली आणि पिल्लांना पाजली. पिल्लं शेडभर नाचायला लागली. मेहुणा कोरड्या घशाने बघत बसला.

शेवटी डॉक्टरच येऊ लागले. रोज आपल्या हाताने पूड पाजायचे. हगवण थांबली, कोंबड्या गुबगुबीत झाल्या. जाताना डॉक्टरांनी हैबतीच्या पाठीवर थाप मारली. "आता रोग आत शिरला तरी भिऊ नकोस. तुझे पहारेकरी त्याला पुरून उरतील."

संध्याकाळी कौसाबाई रानातून आली, तर शेडचं दार सताड उघडं. जाळीसुद्धा गुंडाळून ठेवलेली.

"अहो, दार का उघडं?"

"आत एवढे पहारेकरी बसलेत. दार कशाला?"

तेवढ्यात उसातून कोल्हा निघाला आणि तिच्या डोळ्यांदेखत शेडमध्ये शिरला. आत एकच गलका उठला. कौसाबाई काठी घेऊन धावली, तर हैबती आडवा आला. त्याचा चेहरा उतरला होता. घाईघाईने त्याने फोन लावला.

"डॉक्टर, लवकर या! कोल्हा बिचारा एकटाच आत गेलाय. येताना त्याच्यासाठी मलमपट्टी आणा!"