कपाटातला राउटर

"राउटर म्हणजे काय, एवढं तरी ठाऊक आहे का त्या वाडीवाल्यांना?" पुंजाराम कडाडला. "येतात, पायरीवर बसतात आणि मठाचं नेट फुकटात ओरपतात!"

धोंडनाथबाबा पत्रावळीपुढे बसले होते. दिवेलागणीची वेळ. वरण वाढून झालं होतं.

"मलाही ठाऊक नाही," बाबा म्हणाले. "तूच सांग."

पुंजारामला तेवढंच हवं होतं. मठात येण्याआधी तो तालुक्याला केबलच्या दुकानात होता. या टेकडीवर मोबाइलला रेंज नाही. तार ओढून नेट आणलं ते त्याने. बाबांचं सोमवारचं निरूपण आता गावोगावचे लोक फोनवर पाहत. मागे टाळ धरून उभा असलेला पुंजारामही त्यांना दिसे.

"ऐका मग. बाहेरची तार येते मोडेममध्ये. तारेतलं बोलणं तो उलगडतो. राउटर ते ज्याला त्याला वाटतो. प्रत्येक फोनला एक नंबर देतो, त्याला म्हणायचं आयपी ॲड्रेस. मग याचं त्याला जात नाही."

"म्हणजे पंगतीतला वाढपी."

पुंजारामला ते रुचलं नाही.

"वाढपी म्हणा हवं तर."

"आणि पासवर्ड?"

"किल्ली! तीच तुम्ही साऱ्या वाडीला वाटून बसलात. अहो, बँडविड्थ म्हणजे नळाची जाडी. नळ एक अन् तोट्या दहा, मग धार बारीक होणारच. गेल्या सोमवारी तुमचं निरूपण मध्येच अडकलं. तोंड उघडं राहिलं तुमचं, बाबा. सगळ्या जगासमोर!"

"मग काय केलंस?"

"राउटर कोठीतल्या लोखंडी कपाटात घातला. पासवर्ड बदलला. मठाचं नावही लपवलं, आता कुणाच्या फोनात दिसणार नाही. वर कुलूप." त्याने कमरेची किल्ली वाजवली. "सोमवारपुरतं उघडीन."

"लोखंडातून बाहेर पडतं ते?"

"फार थोडं. म्हणून तर कपाट!"

"मग तार आत गेली कशी?"

"पाठीला भोक पाडलं. यायला वाट नको?"

"यायला वाट ठेवलीस."

"ठेवावीच लागते."

"हं..."

बाबांनी पत्रावळीकडे पाहिलं.

"साद घाल."

मठाची ही जुनी रीत. पहिला घास घेण्याआधी शिष्याने उंबऱ्यावर उभं राहून टेकडीखाली हाक द्यायची, कुणी उपाशी आहे का हो? ओ आली तर आधी तो जेवायचा, मग मठ.

पुंजाराम दाराकडे वळला.

"तिकडे नाही. कोठीत जा. दार लावून घे, मग घाल."

तो गेला. दाणकन दार लावलं. ओरडला. त्याचाच आवाज कपाटावर आपटून त्याच्या कानात परत आला. लालबुंद होऊन तो बाहेर आला.

"आलं कुणी?"

"कोण येणार? ऐकू गेलं तर ना!"

"मग जेवू या."

बाबांनी घास उचलला.

"बाबा!" पुंजारामचा तोल गेला. "रीत मोडताय तुम्ही!"

"साद तर घातलीस."

"ही काय साद झाली? दारात उभं राहून घालायची असते! खालच्या वाडीला..."

तो थांबला.

बाबांचा घास हातातच होता.

पुंजाराम उंबऱ्यावर गेला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "कुणी उपाशी आहे का हो?"

"मी आहे," खालच्या पायरीवरून उत्तर आलं. "पण जेवायला नाही आले, कुलूपवाले महाराज."

वाडीतली चांगुणाबाई होती. फोन दोन्ही हातांत धरून बसलेली.

"दुपारपासून बसलेय, तुमचं कुलपाचं बोलणंही ऐकलं. लेक आखातात कामावर आहे, इमारतीच्या परांचीवरून पडला. आज ऑपरेशन होतं. झालं की त्याचा जोडीदार फोन लावणार होता. पण फोनात मठच दिसेना."

"मग मला हाक मारायची होती," पुंजाराम म्हणाला.

"कुलूप लावणाऱ्याला हाक मारायची असते, हे नव्हतं ठाऊक."

पुंजाराम वळला. आत गेला. किल्ली कुलपात दोनदा चुकली. राउटर तारेसकट ओढत आणून त्याने उंबऱ्यावरच्या कोनाड्यात ठेवला. बाईच्या फोनात मठाचं नाव घातलं, पासवर्ड घातला.

थोड्या वेळाने फोन वाजला.

बाई ऐकत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"शुद्धीवर आलाय," ती म्हणाली. "पाय वाचला... पाणी मागतोय."

तिने फोन बाजूला ठेवला.

"आता वाढा," ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही."

पुंजारामने आपली पत्रावळ तिच्यापुढे सरकवली. वरण पुन्हा वाढलं. नवा पासवर्डही सांगितला, वाडीत सगळ्यांना सांग म्हणाला. पण राग अजून पुरता उतरला नव्हता.

"आणि सोमवारी निरूपण पुन्हा अडकलं तर?"

चांगुणाबाईने पहिला घास घेईपर्यंत बाबा थांबले. मग आपला घास तोंडाजवळ नेत म्हणाले,

"अडकू दे. मी दर सोमवारी तेच सांगतो."