लाल गाडीचा जामीन

“गाडी बंद पडली तर हप्ते मी भरीन, असं छातीठोकपणे म्हणणारा एक माणूस आणा! रविवारी दुपारपर्यंत. नाहीतर गाडी दुसऱ्याला आणि इसार माझा!”

रत्नाकरशेठनी मला असं बजावलं, तेव्हा मी त्या लाल गाडीच्या सीटमध्ये अडकून बसलो होतो. गाडी वापरलेली असली तरी मोठी स्पोर्टी, जमिनीला टेकलेली. आत मी आपोआप घसरलो. बाहेर काढायला मात्र शेठची दोन माणसं लागली.

मी तुळशीदास वाघचौरे. कराड भागात लग्नांमध्ये माईकवर बोलतो. नवरदेवाच्या मावसकाकांचंसुद्धा तोंडभर कौतुक करतो. पण गेल्या मोसमात एका कार्यालयाच्या रखवालदारानं माझी स्कूटर बघितली आणि मला आचाऱ्यांच्या फाटकातून आत पाठवलं! तिथे कुणीतरी माझ्या हातात बटाट्यांचं पोतंही दिलं. मी ते नेऊनही ठेवलं. त्यातच कारमधून येणारा एक पोरगा माझ्या सुपाऱ्या पळवू लागला. तेव्हा ठरवलं, आता गाडी घ्यायची, आणि घ्यायची तर प्रीमियम फीलवाली!

प्रीमियम फील म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. शेठ म्हणाले, “बसून बघा, येतोय का फील?” मी गॉगल लावला आणि म्हणालो, “आला!” लगेच इसार देऊन मोकळा झालो.

इसार घेईपर्यंत गाडी म्हणजे नुसतं सोनं होतं. मी हप्त्यांचं विचारलं आणि शेठचा आवाज उतरला. “जुनी गाडी आहे, वाघचौरे. उद्या रस्त्यात बसली की तुम्ही हप्ते थांबवणार. फायनान्स माझं आहे, मला जामीन लागणारच!”

मी जामीन शोधत गावभर फिरलो. बँडमास्तर म्हणाले, “तुझा जामीन राहतो, गाडीचा नाही.” मंडपवाला म्हणाला, “गाडीचा राहिलो असतो रे, पण चालवणार तू!”

शनिवारी संध्याकाळी तोंड पाडून घरी आलो. सासूबाई आल्या होत्या. भामाबाई त्यांचं नाव, मी त्यांना मामी म्हणतो. सगळा जन्म त्यांनी बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात घालवला. कान इतके तिखट, की पलीकडच्या खोलीत तडकलेली बांगडीही त्यांना ऐकू येते.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, “गाडी विकताना शेठ काय म्हणाला होता?”

“नुसतं सोनं आहे, असं म्हणाला,” मी सांगितलं.

“असं म्हणाला? मग उद्या मला घेऊन चला. आणि जावईबापू, तिथे तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. जमेल?”

तासन्‌तास माईक न सोडणाऱ्या माणसाला हे विचारणं म्हणजे क्रूरपणाच. पण मी मान डोलावली.

रविवारी शेठकडे गिऱ्हाइकांची झुंबड होती. शेठनी आम्हाला पाहून घड्याळाकडे बोट केलं. “आणलात जामीन?”

“आणते की,” मामी म्हणाल्या. “पण आधी गाडी तरी कळू दे. कशी आहे हो ही?”

“उत्तम आहे, मावशी.”

“काय? मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं!”

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझा पाय दाबला.

“उत्तम आहे!” शेठ ओरडले. चार गिऱ्हाइकं वळून बघू लागली. गिऱ्हाइकं बघताहेत म्हटल्यावर शेठना चेव आला. “अहो, इंजिन म्हणजे वाघ आहे वाघ! पाच वर्षं बोनेट उघडावं लागणार नाही!”

“अगंबाई! आणि बंद पडली तर?”

“बंद पडेलच कशी?”

“शेवटचं काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही.”

शेठ खुर्चीवरून उठले, छातीवर थाप मारली आणि सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं गरजले, “बंद पडली तर मी जबाबदार! रत्नाकरचा शब्द आहे!”

“बास!” मामींनी टाळी वाजवली. “जावईबापू, जामीन सापडला! काय छातीठोक माणूस आहे! शेठ, कागद काढा आणि जामिनाचं नाव घाला.”

“कुणाचं?”

“तुमचं!”

शेठचा हात छातीवरच राहिला. “मावशी, मीच पैसे देणार आणि मीच जामीन? असं कुठं असतं?”

“का? तुमच्या शब्दावर तुमचा विश्वास नाही?”

“आहे की!”

“मग सही करा. आणि नसेल, तर तसं सांगा. मोठ्यानं सांगा, मला कमी ऐकू येतं!”

पांढऱ्या गाडीपाशी चेकबुक उघडून उभ्या असलेल्या गृहस्थांनी ते हळूच मिटलं. शेठनी ते पाहिलं. मग त्यांनी मामींकडे पाहिलं आणि आधी त्यांचं पोट हललं, मग मिशा, आणि मग अख्खा माणूस खदखदून हसू लागला. डोळे पुसत त्यांनी सही ठोकली. चेकबुक पुन्हा उघडलं.

“मावशी, पहिल्या वर्षाचा विमा माझ्याकडून! आणि माझ्या मुलीच्या लग्नातला सगळा चुडा तुमच्याकडून!”

“चुडा भरीन. पण पैसे रोख हं, शेठ. हप्त्यानं नाही!”

शेठ पुन्हा हसत सुटले. त्यांनी गिऱ्हाइकाला घालायचा झेंडूचा हार मागवला आणि मामींच्या गळ्यात घातला. गाडीची भलीमोठी किल्लीही मामींच्याच हातात ठेवली. मी गॉगल लावून, केस सारखे करून पुढे सरकलो.

शेठनी माझ्या हातात मोबाईल दिला. “वाघचौरे, तुम्ही जरा बाजूला व्हा आणि आमचा फोटो काढा!”