न फोडलेला बेहडा

एका जंगलात सुतारांचे एक घराणे राहत असे. माणसांतले सुतार नव्हेत, मुलांनो. डोक्यावर लाल तुरा, पटाशीसारखी चोच आणि शेपटीचा टेकू देऊन खोडाला चिकटून उभे राहणारे ते पक्षी. जंगलात कुणालाही घर हवे असले, की ढोली कोरण्याचे काम याच घराण्याकडे येई. पोपट, साळुंक्या, पिंगळे असे सगळेच यांनी कोरलेल्या ढोल्यांमध्ये लहानाचे मोठे झालेले. त्यामुळे म्हाताऱ्या सुताराचा दरारा मोठा होता. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्या फांदीवर येऊन बसला, की साळुंक्या आपले भांडण अर्धे टाकून बाजूला होत, आणि साळुंक्यांनी भांडण अर्धे टाकणे ही काही लहानसहान गोष्ट नाही.

तात्याचा थोरला मुलगा कामात बापाच्याही वरताण निघाला होता. झाडावर दोन ठोके मारून त्याने कान लावला, की लाकूड कुठे घट्ट आहे, कुठे कुजले आहे आणि अळी कुठे दडली आहे हे त्याला बिनचूक समजे. तात्या तोंडावर त्याचे कौतुक कधी करत नसे. पण मुलगा कामाला गेला, की शेजारच्या पिंगळ्याला भरदिवसा झोपेतून उठवून मुलाने कोरलेल्या ढोल्यांची वर्णने ऐकवत बसे. पुढे सगळे काम थोरल्याच्या हवाली करायचे, हे घरात ठरल्यासारखेच होते. थोरल्यालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. चोच चालत होती, पोट भरत होते आणि चार पक्षी नाव घेत होते.

एका वर्षी पोपटांचा थवा फार वाढला. त्यांचा म्हातारा तात्याकडे आला आणि ओढ्याकाठच्या जुन्या बेहड्याच्या झाडात ओळीने ढोल्या कोरून हव्यात, असे म्हणाला. तात्याने शब्द दिला आणि थोरल्याला कामावर धाडले. थोरल्याने नेहमीप्रमाणे दोन ठोके मारले, कान लावला आणि तो तसाच थांबून राहिला.

आत अळी नव्हती. बेहड्याचे पोट वरपासून खालपर्यंत पोकळ झाले होते आणि शेंड्याजवळच्या एका भोकातून वारा आत उतरत होता. वारा त्याने जन्मभर ऐकला होता, पण असा कधी ऐकला नव्हता. आई बाळाला निजवताना ओठ मिटून गुणगुणते, तसा तो आवाज खोल होता आणि कुठे तुटत नव्हता. आपल्याला कुणीतरी पहिल्यापासून हाक मारत होते आणि आपल्याच ठोक्यांच्या आवाजात ती बुडून जात होती, असे त्याला वाटले. त्याचे डोळे भरून आले. सबंध दिवस तो खोडाला कान लावून बसला.

संध्याकाळी तात्या काम पाहायला आला, तर झाडाला साधा ओरखडाही नव्हता. सुताराने झाडाला एवढा वेळ कान लावला म्हणजे आत मोठी शिकार असणार, असे धरून चालून त्याने विचारले, "अळी केवढी आहे?"

"अळी नाही, तात्या. आत काहीतरी गातंय."

"मग फोड आणि बघ."

"फोडलं तर ऐकू येणार नाही."

असले वाक्य त्या घराण्यात आजवर कुणी उच्चारले नव्हते. झाडाला कान लावायचा तो फोडण्यासाठीच, हे तिथल्या पिल्लांनासुद्धा ठाऊक होते. थोरल्याने मग मनातले सगळे सांगून टाकले. पोपटांना दिलेला शब्द मी दुसऱ्या झाडावर पुरा करीन, पण त्यानंतर मला सुतारकी करायची नाही. मला या झाडापाशी बसायचे आहे. जे मला इथे बोलावते आहे, त्याच्यासाठी उरलेले आयुष्य द्यायचे आहे. तो हे न अडखळता बोलला, त्यामुळे तात्याला अधिकच राग आला.

"सुताराच्या पोटी जन्मलास. ठोकणार नाहीस, तर करणार काय?"

"ऐकणार."

"त्याला काम म्हणत नाहीत," तात्या म्हणाला आणि मागे वळून न पाहता उडून गेला.

थोरल्याने दिलेला शब्द पाळला. ओढ्यापलीकडच्या सावरीवर त्याने पोपटांसाठी ढोल्या कोरल्या. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून तोंडे बेताने खाली झुकती ठेवली आणि तळाशी मऊ भुशाची गादी ठेवली. पोपटांचा म्हातारा प्रत्येक ढोलीत डोके घालून नाक मुरडत फिरला आणि शेवटी काही खोट सापडेना म्हणून गप्प बसला. धाकट्या भावाला थोरल्याने आपल्याजवळच्या सगळ्या खुब्या शिकवल्या. मग तो बेहड्यावर राहायला गेला. पोटापुरत्या मुंग्या सालीवर मिळत होत्या. चोच तो तेवढ्यापुरतीच वापरी.

जंगलाला आयताच विषय मिळाला. साळुंक्या त्याला 'बुवा' म्हणू लागल्या. ओढ्यातला बगळा एकदा मुद्दाम वर येऊन म्हणाला, की ध्यानाला मीही बसतो, पण माझ्या ध्यानात शेवटी मासा येतो, तुझ्या ध्यानात काय येते ते सांग. आई अधूनमधून चोचीत मुंग्या घेऊन येई, 'किती वाळलास' म्हणे आणि थोडा वेळ बसून परत जाई. तात्या मात्र एकदाही फिरकला नाही. थोरल्याला त्याची आठवण रोज येई आणि ती दुखे, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढे थंडीत वारा पडला आणि बेहडा मुका झाला. एका साळुंकीने लगेच विचारले, "काय बुवा, देव गावाला गेला का?" बाकीच्या खूप हसल्या. त्या वेळी थोरला पहिल्यांदा घाबरला. पलीकडून धाकट्याचे ठोके ऐकू येत होते. एवढे अंतर उडून गेले असते, तर घर होते, काम होते आणि बापाचा रागही उतरला असता. त्याने पंख उघडलेसुद्धा. मग त्याने सवयीने एकदा कान लावला. आवाज नव्हता, पण त्याच्या जिवाची पूर्वीसारखी धावाधाव आता उरली नव्हती. ज्याने बोलावले त्याने आपल्याला एवढे दिले आहे, मग तो गप्प बसला तर आपणही त्याच्याजवळ गप्प बसू, असे त्याने ठरवले आणि पंख मिटले. त्यानंतर त्याला कधी भीती वाटली नाही. शिमग्याच्या सुमारास वारा सुटला, बेहडा पुन्हा गाऊ लागला, तेव्हा तो जागेवरच होता.

त्या उन्हाळ्यात, देव गावाला गेला का असे विचारणाऱ्या साळुंकीची पिल्ले सापाने खाल्ली. ती या फांदीवरून त्या फांदीवर सैरभैर फिरत होती. एका दुपारी ती बेहड्यावर आली. थोरल्याने तिला उपदेश केला नाही की जुनी थट्टाही काढली नाही. तो थोडा सरकला आणि त्याने तिला खोडाजवळ जागा करून दिली. ती डोके टेकवून अंधार पडेपर्यंत बसली. पुढे बरेच दिवस ती येत राहिली, आणि साळुंक्यांनी त्याला बुवा म्हणणे सोडून दिले.

एक दिवस आईने सांगितले, की तात्याची मान आखडली आहे आणि चोच झिजून बोथट झाली आहे. आता त्याच्याने एक ठोकाही बसत नाही. काम नसल्यावर आपण कोण, हे त्याला समजत नाही. तो झोपेतही मान हलवतो. थोरल्याला फार वाईट वाटले. पण बोलावल्याने तात्या येणारा नव्हता, हे दोघांनाही माहीत होते.

तो आपण होऊन आला. आल्या आल्या म्हणाला, की हे झाड किती कुजले आहे ते बघायला आलो. थोरला म्हणाला, बघा. तात्याने खोडाला कान लावला, सवयीने चोच उगारली आणि ती तशीच अधांतरी राहिली. बऱ्याच वेळाने त्याने ती खाली घेतली.

"अळी नाही ही," तो म्हणाला.

"नाही, तात्या."

"मग आत कोण आहे?"

"मलाही अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणून तर बसलोय."

तात्याने आखडलेली मान जपून वळवली, मुलाकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "सरक जरा."

थोरला सरकला. थोड्या वेळाने पोपटांचा म्हातारा तात्याला शोधत तिथे आला. त्याला आणखी एक ढोली हवी होती. बापलेक खोडाला कान लावून स्वस्थ बसलेले पाहून त्याला नवल वाटले. हे काय चालले आहे, असे त्याने मोठ्याने विचारले.

"काम चाललंय," तात्या डोळे न उघडता म्हणाला. "आवाज करू नकोस."

तात्पर्य : आपल्याला आलेली हाक इतरांना ऐकू येत नाही, एवढ्याने ती खोटी ठरत नाही. दिलेला शब्द पुरा करावा आणि मग निर्धास्तपणे त्या हाकेमागे जावे.