चोपन्नचा कडा

आंबेदऱ्याच्या शाळेतली पोरे रोज ओढ्याच्या काठावर उभी राहून समोरच्या कड्याला सातचा पाढा म्हणून दाखवतात, आणि तोही चुकीचा. "सात अठ्ठे चोपन्न!" कडाही तसेच परत बोलतो. पाहुणे हसतात. मग गावच्या ख्रिस्ती मंडळीतले म्हातारे शांतवन पगारे त्यांना चर्चच्या पायरीवर बसवतात. "हसून घ्या आधी," म्हणतात, "नंतर हसू यायचं न्हाई."

पूर्वी हा कडा मुका होता, असे सांगतात. कितीही ओरडा, आवाज गिळून बसायचा. त्या काळी शाळेवर दीनाबाई ओहोळ होत्या. नवरा वारलेला, पदरात सुवार्ता नावाची एकच लेक. प्रार्थना केल्याशिवाय बाईंनी कधी फळ्याला खडू लावला नाही म्हणे. सगळ्या गावाला शिकवले, पण घरच्या लेकीपुढे हात टेकले. बाईंनी छप्पन्न सांगावे आणि तिने मागून चोपन्नच म्हणावे.

प्लेग आला. दुखणेकऱ्यांना ओढ्यापलीकडे, कड्याखालच्या झोपड्यांत नेऊ लागले. तिकडे गेलेल्याने साथ सरेपर्यंत अलीकडे यायचे नाही, असा सक्त हुकूम होता. जाता जाता आईबापांनी आपली धडधाकट लेकरे शाळेत आणून सोडली. "बाई, तुमच्यावर टाकून चाललो." शेवटचे लेकरू घरी जाईपर्यंत शाळा सोडणार नाही, असा शब्द बाईंनी देवासमोर दिला. आणि थोड्याच दिवसांत सुवार्तेच्याच काखेत गाठ आली.

बाईंची सासू नातीला घेऊन पलीकडे गेली. बाई अलीकडेच राहिल्या. जावे तर ही सगळी लेकरे उघड्यावर पडतात, राहावे तर पोटचे पोर तिकडे. इकडे आड तिकडे विहीर. त्यांनी एवढेच मागितले, "तुझी इच्छा होवो, बापा. पण तिचा आवाज तेवढा तोडू नकोस."

रोज संध्याकाळी बाई काठावर येऊन पाढ्याची एकेक ओळ म्हणत. पलीकडून ती ओळ परत येई, बारीक आवाजात, धापा टाकत. छप्पन्नला चोपन्न येई. बाई आता चूक सुधारत नसत. "चोपन्न तर चोपन्न," म्हणत, "बोलतेय ना माझी बाय."

एका संध्याकाळी पाढा स्वच्छ परत येऊ लागला. धाप नाही, अडखळणे नाही. लेकीला उतार पडला असे वाटून बाईंचा चेहरा उजळला. "सात अठ्ठे छप्पन्न," त्या म्हणाल्या.

"सात अठ्ठे छप्पन्न," पलीकडून आले.

छप्पन्न तर लेकीने आजवर कधी म्हटले नव्हते. सुवार्ता दुपारीच गेली होती, आणि हे ओरडून सांगायचा सासूला धीर झाला नव्हता. मुका कडा त्या दिवशी बोलता झाला म्हणे. इथे शांतवनबाबांचा आवाज चढतो. "मागितलं ते दिलं की त्यानं! आवाज तोडला न्हाई! पर असं द्यायचं?" मग ते टोपी काढतात.

बाईंनी लेकरांना जेवू घातले, प्रार्थना घेतली. शब्द दिला होता ना. पण त्या कुणाशी बोलेनात, काठावर जाईनात. पोरांना काही सुचेना. शेवटी सगळी मिळून काठावर गेली आणि जीव खाऊन ओरडली, "सात अठ्ठे चोपन्न!" कड्याने चोपन्न म्हटले. बाई दारापर्यंत आल्या आणि पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या.

आजही आंबेदऱ्याची पोरे वर्गात छप्पन्नच म्हणतात. नवा मास्तर आला की तो त्यांना काठावरही सुधारू पाहतो. पोरे त्याला शाळेचे दार दाखवून दबक्या आवाजात सांगतात, "हळू बोला, गुरुजी. बाई ऐकत्यात."